परमुलखातले मास्तर आणि त्यांचे आजारपण



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. आमचे शिक्षण सातवीत संपले. सतराव्या वर्षी आम्ही खोपोलीच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि पुढचे वाचन केले ते पाळी सुटल्यावर, फाटकाजवळच्या सूचनाफलकासमोर उभे राहून. फलकावर नोटिसा लागत. नोटीस समजली नाही तर आपला बोनस किती बुडाला हे कळत नसे. म्हणून आधी नोटिसा वाचल्या, मग नोटिशीत ज्या कलमाचा उल्लेख असे ते कलम वाचले, आणि असे करता करता कायद्याची पुस्तके वाचावयास लागलो. तेव्हा आमच्या बोलण्यात भाषेचे सौष्ठव कमी आढळेल; हिशेब मात्र तपासून घ्यावा, तो चोख आहे.

व्याख्यानाचा विषय कळविला तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी हसून विचारले, ‘‘तुम्ही कामगारांचे पुढारी, तुमचा मास्तरांशी काय संबंध?’’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर पुढे देऊ, कारण त्यात आमची एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही.

कर्जत-खालापूरच्या माणसाला परमुलूख नवा नाही. १८५६ साली आगगाडी खोपोलीस पोहोचली. १९१५ साली घाटावरून नळांतून उतरलेल्या पाण्यावर खोपोलीचे वीजगृह चालू झाले. तेव्हापासून बाहेरची माणसे इकडे कामाला येत आहेत आणि आपली माणसे पहाटेच्या गाडीने मुंबई गाठीत आहेत. या जाण्यायेण्यात मास्तरही आहेत. आपल्याकडची बी.एड. झालेली मुले-मुली समुद्र ओलांडून आखातात शिकवावयास जातात; आणि मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेले तरुण आपल्या कशेळे-कळंबकडच्या वाड्यांवर आणि चौक-खालापूरकडच्या शाळांत शिकवितात. दोघेही घरापासून दूर. दोघांचाही पगार थोडा. आणि दोघेही आजारी पडले की काय होते, हा आजचा विषय.

आरंभ एका मुलीपासून करतो. तिचे वडील आमच्याच खात्यात कामाला होते. त्यांच्या पगारातून कामगार विम्याची वर्गणी कापली जाई, म्हणून त्यांच्या कार्डावर मुलीचेही नाव होते. ती शाळेत असताना, पुढे कॉलेजात असताना, तिचे औषधपाणी त्या कार्डावर झाले. मुलगी शिकली, बी.एड. झाली आणि आपल्याच भागातील एका खाजगी शाळेत महिना ७,५०० रुपयांवर शिक्षिका म्हणून लागली. घरात पेढे वाटले. पण ती कमावती झाली त्या दिवसापासून वडिलांच्या कार्डावरचा तिचा हक्क संपला. आणि शाळेकडे तिच्यासाठी कार्ड नव्हते. कामगाराची मुलगी म्हणून जो विमा होता, तो शिक्षिका झाल्यावर गेला. २०१९ साली तिच्या आतड्याची शस्त्रक्रिया करावी लागली. दवाखान्याचे बिल ४८,००० रुपये झाले आणि शाळेने २१ दिवसांचा पगार कापला. बिल बापाने भरले, पगार कापला गेला तो गेलाच.

२०२२ साली ती दुबईस एका भारतीय शाळेत गेली. दलालाने येथे ३,५०० दिरहम सांगितले होते. तेथे उतरल्यावर ज्या कागदावर सही घेतली त्यावर २,८०० होते. दलालाने ९५,००० रुपये घेतले ते वेगळेच. २,८०० दिरहम म्हणजे त्या वेळच्या भावाने साठ हजार रुपयांच्या आसपास. ऐकणाराचे डोळे विस्फारतात. पण चौघींच्या खोलीतल्या एका खाटेचे भाडेच ९०० दिरहम. जेवणखाण, जाणेयेणे, दलालासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता, हे सारे वजा जाता आईच्या हातावर काय पडत असेल याचा हिशेब आपण करू शकता.

पहिल्या सुट्टीत ती गावी आली तेव्हा आम्हांला भेटावयास आली. पाकिटातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, ‘‘काका, हे माझ्या नावाचं.’’ ते आरोग्यविम्याचे कार्ड होते. आम्ही विचारले, ‘‘पगारात फसवलंच ना गं तुला?’’ ती म्हणाली, ‘‘फसवलं. पण काका, तिथं आजारी पडलं तर काय होणार ते लिहून दिलेलं असतं. इथं बाईंना विचारायचं, आणि मग बाईंच्या मनात येईल तसं.’’

हे बोलणे आमच्या मनात घर करून राहिले. जो मालक पगारात सातशे दिरहम मारतो, तोच मालक विम्याचे पैसे मुकाट्याने कसा भरतो? आम्ही चौकशी केली. उत्तर साधे आहे. दुबईत २०१३ साली कायदा झाला की नोकरावर ठेवलेल्या माणसाचा आरोग्यविमा मालकाने आपल्या खर्चाने काढावयाचा. विमा नसेल तर राहण्याचा परवाना मिळत नाही, त्याचे नूतनीकरण होत नाही. १ जानेवारी २०२५ पासून विम्याची ही सक्ती संयुक्त अरब अमिरातींच्या उरलेल्या भागांतील खाजगी नोकरांनाही लागू झाली. यात भूतदयेचा भाग थोडा. त्या मुलखात राबणारी बहुतेक माणसे परकी. ती आजारी पडली तर बिल कोणी भरावयाचे हा प्रश्न राज्याने मालकाच्या दारात नेऊन ठेवला. तिकडचा मालक आपल्या मालकाहून चांगला आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याला पळवाट ठेवलेली नाही, एवढेच.

परंतु त्या कार्डाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. दवाखान्यात गेले की बिलाचा काही भाग रुग्णाने भरावयाचा. ठराविक दवाखान्यांतच जावयाचे. येथे राहिलेल्या आईबापांना त्याचा उपयोग नाही. नोकरी गेली की परवाना गेला आणि परवान्यामागोमाग कार्ड गेले. आजारपणाच्या रजेचा तिकडचा कायदा असा: उमेदवारीचा काळ संपल्यावर वर्षाला ९० दिवस रजा, त्यातील पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० दिवस अर्धा आणि शेवटचे ४५ दिवस बिनपगारी. म्हणजे ९० दिवसांच्या दुखण्यात ३० दिवसांचाच पगार हातात.

आता याच्या शेजारी आपला कायदा ठेवून पाहा. आपली कर्मचारी राज्य विमा योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. तिचा पहिला आराखडा १९४४ साली प्रा. बी. पी. अडारकर यांनी सादर केला; तेव्हा केंद्र सरकारात मजूर खात्याचा कारभार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होता. या योजनेत आज कामगार आपल्या वेतनाच्या पाऊण टक्का भरतो आणि मालक सव्वातीन टक्के. वेतनाची मर्यादा महिना २१,००० रुपये. याबद्दल विमेदाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो. दुखण्यात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो, म्हणजे जवळजवळ ६४ दिवसांचा पगार. क्षय, कर्करोग यांसारख्या दीर्घ दुखण्यांत ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण वेतन. विमा रुग्णालयांत रांगा असतात, औषधे वेळेवर मिळत नाहीत, या तक्रारी आम्हीच वर्षानुवर्षे करीत आलो आहोत आणि पुढेही करणार आहोत. तरी कागदावर आपला कायदा दुबईच्या कायद्याहून सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. आणि पाहा, हा आराखडा एका प्राध्यापकाने केला! पण त्यांच्या जातीचा शिक्षक कित्येक वर्षे त्या दाराबाहेर उभा राहिला.

असे का झाले? आमच्या मते याचे कारण एका गैरसमजुतीत आहे: शिकलेल्या माणसाला संरक्षणाची गरज नसते. ही समजूत वरून सन्मानाची दिसते. तिचा परिणाम काय होतो तो दोन ठिकाणी दाखवितो.

पहिले ठिकाण परदेशगमनाचे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे आखातासारख्या काही देशांत नोकरीला जाताना कमी शिकलेल्या माणसाला सरकारची परवानगी लागते. त्याचे करारपत्र पाहिले जाते, आणि २००३ साली सुरू झालेल्या प्रवासी भारतीय विमा योजनेत त्याचा विमा उतरविला जातो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर आज त्यात १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. परंतु दहावी उत्तीर्ण झालेल्याला ही परवानगी लागत नाही. म्हणजे खालापूरचा गवंडी निघाला तर सरकार म्हणते, थांब, करार दाखव, विमा दाखव. आणि त्याच विमानात त्याच गावची शिक्षिका निघाली तर सरकार म्हणते, बाई, आपण शिकलेल्या आहात, आपले आपण पाहा. गवंड्याला फसविणारे आणि शिक्षिकेला फसविणारे दलाल एकाच बाजारात बसलेले असतात, हे मात्र कोणी पाहत नाही.

दुसरे ठिकाण आपल्याच न्यायालयांचे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बंगळूरच्या पाणीपुरवठ्याच्या खटल्यात ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ विस्तृत केला, आणि शिक्षणसंस्थाही त्यात आली. आम्हांला वाटले, आता मास्तरांचा प्रश्न सुटला. पण दहाच वर्षांनी, १९८८ साली, गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेला कामावरून काढल्याचा खटला त्याच न्यायालयापुढे आला. निकाल असा झाला की शाळा हा उद्योग असेल, पण शिक्षक हा ‘कामगार’ नाही. शिकविणे हे हातमजुरीत बसत नाही, कारकुनीत बसत नाही. ते उदात्त कार्य आहे. परिणाम असा झाला की त्याच शाळेचा शिपाई आणि गाडीचा ड्रायव्हर औद्योगिक विवाद कायद्याने दाद मागू शके, आणि त्याच शाळेतली बाई मागू शकत नसे. उदात्तपणाची किंमत तिने मोजली.

ग्रॅच्युइटीच्या बाबतीत तेच. १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा १९९७ साली शिक्षणसंस्थांना लागू झाला. संस्थाचालक कोर्टात गेले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या कायद्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येत शिक्षक बसत नाही. संसदेची इच्छा असेल तर संसदेने व्याख्या बदलावी. संसदेने २००९ साली व्याख्या बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खाजगी शाळांनी तिलाही आव्हान दिले. २०२२ साली न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. एका शब्दासाठी पंचवीस वर्षे! तेवढ्या काळात किती शिक्षक रित्या हाताने निवृत्त झाले असतील याचा विचार करावा. पण या गोष्टीत एक धडाही आहे. कायद्याने शिक्षकाला कर्मचारी म्हटले त्या दिवशी त्याचा मान तिळभर कमी झाला नाही; पैसे मात्र मिळाले.

आता आमच्या चुकीकडे येतो.

२००६ सालची गोष्ट. आमच्या युनियनने एका शिक्षणसंस्थेच्या रखवालदारांची आणि गाडीवरच्या ड्रायव्हरांची बाजू घेऊन त्यांना विम्याची कार्डे मिळवून दिली होती. पंधरवड्याने त्यांतला एक ड्रायव्हर त्याच संस्थेतील एका मास्तरांना घेऊन ऑफिसात आला. मास्तर बीड जिल्ह्यातले, सहा वर्षांपासून आपल्या भागात एकटे राहून गणित शिकवीत होते. बायको-मुले गावी. मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी होत चालली होती. पगारपत्रकावर एक आकडा आणि हातात दुसरा, ही त्यांची पहिली तक्रार. पण ती घेऊन ते आले नव्हते. ते एवढेच म्हणाले, ‘‘भाऊ, याला तुम्ही कार्ड मिळवून दिलंत. तसं मला मिळेल का?’’

आम्ही तेव्हा कायदा वाचलेले होतो आणि त्याचा आम्हांला थोडा गर्वही होता. आम्ही १९८८ चा निकाल काढला आणि मास्तरांना समजावून सांगितले की सर, तुम्ही कामगार नाही. तुमचे आमच्यात बसत नाही. १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आहे, १९८१ ची नियमावली आहे, तीत वेतनश्रेणी आहे, शाळा न्यायाधिकरण आहे, तिकडे जा. त्यांनी ते सारे वहीत उतरून घेतले. अक्षर फार सुंदर होते. मग म्हणाले, ‘‘बरं आहे,’’ आणि गेले. मार्चच्या परीक्षा संपल्यावर ते गावी गेले ते परत आले नाहीत. त्यांचे पुढे काय झाले, हे आम्ही कोणाला विचारले नाही. आम्ही त्यांना जे सांगितले ते कायद्याने खोटे नव्हते. पण युनियन कायद्याच्या आत बसलेल्यांसाठीच असते काय? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, ती कोणत्या कलमात बसत होती? कलमात बसत नव्हती म्हणूनच लढा द्यावा लागला. हे आम्ही व्यासपीठावरून शंभरदा सांगितलेले. समोर मास्तर बसले असताना आठवले नाही. चालकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच. आमचा मास्तरांशी संबंध तो असा.

आता आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या मास्तरांकडे जरा नीट पाहू. या मातीला शाळेची किंमत कळत नाही असे कोणी म्हणू नये. आझाद दस्ता उभारून सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांनी त्याआधी खेड्यापाड्यांतून शाळा काढल्या होत्या. आज ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर पावसाळ्यात निसरड्या वाटेने चढून जाणारा मास्तर बहुधा परजिल्ह्यातला असतो. त्याची नेमणूक आधी तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणून होते. २००० साली ही पद्धत आली तेव्हा प्राथमिक शिक्षण सेवकाला महिना ३,००० रुपये मानधन होते; पुढे ते ६,००० झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. वाढ झाली हे चांगले झाले. पण ‘सेवक’ आणि ‘मानधन’ हे दोन शब्द पाहा. पगार म्हटले की पगाराबरोबर येणारी बाकीची सगळी देणी आठवतात. मानधन म्हटले की त्यात मान आधीच मोजून घेतलेला असतो.

विनाअनुदानित शाळांत तर याहून बिकट. ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून ज्या शाळांना परवानगी दिली होती, त्यांच्या परवानगीतला ‘कायम’ हा शब्द २००९ साली सरकारने काढला. पण शब्द निघाल्यावर अनुदान टप्प्याटप्प्याने येईपर्यंत कित्येक मास्तरांनी बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर वर्षे काढली. कोणी शिकवण्या केल्या, कोणी सुट्टीत शेतमजुरी केली.

येथे कोणी म्हणेल, आता सरकारी योजना आहेत की! आहेत, आणि त्यांचे श्रेय नाकारू नये. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत आपला रायगड होता. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते, आणि २०२४ च्या जुलैपासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत मिळू शकतात. पण ही योजना काय करते आणि काय करीत नाही, हे समजून घ्या. ठरलेल्या यादीतील उपचार, योजनेत सामील झालेल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतात. तापासाठी, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांसाठी, महिन्याच्या तपासणीसाठी ती नाही. आणि दुखण्यात बुडालेला पगार ती भरून देत नाही. गरिबाचे घर बुडते ते पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या बिलाने नव्हे, तर त्यानंतरच्या तीन बिनपगारी महिन्यांनी. तो खड्डा कामगार विमा भरतो. म्हणून एक योजना असली की दुसरी नको, हे म्हणणे बरोबर नाही.

आता पैशाचे बोलू, कारण संस्थाचालकांचे पहिले वाक्य असते, ‘‘परवडत नाही.’’ ४०० मुलांची एक शाळा घ्या. २० शिक्षक, प्रत्येकाला ९,००० रुपये. एका शिक्षकामागे संस्थेची वर्गणी सव्वातीन टक्के, म्हणजे २९२ रुपये ५० पैसे. वीस शिक्षकांची मिळून महिना ५,८५० रुपये. ४०० मुलांत वाटली तर एका मुलामागे महिन्याला १४ रुपये ६२ पैसे. शिक्षकाने स्वतः भरावयाचे ते ६७ रुपये ५० पैसे. बंधुभगिनींनो, मुलामागे महिना पंधरा रुपये! शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मांडव, कमानी आणि पाहुण्यांच्या शाली यांचा खर्च आम्ही येथे काढीत नाही. आपण सर्वांनी ते मांडव पाहिले आहेत. आणि ९,००० हा पगार आम्ही हिशेबासाठी घेतला. तो योग्य आहे असे आम्ही म्हणालो, असे कृपा करून उद्या कोणी सांगू नये.

दुसरे वाक्य असते, ‘‘शिक्षण हे व्रत आहे.’’ असेल. सावित्रीबाईंनी १८४८ साली शाळेत पाऊल ठेवले तेव्हा ते व्रतच होते. आणि १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता त्यांना त्याच रोगाने नेले. त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. दुसऱ्याच्या उपासावर आपण व्रताचे पुण्य जोडू नये. जगानेही हे फार पूर्वी मान्य केले आहे. १९६६ साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटना आणि युनेस्को यांनी मिळून शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारसपत्र स्वीकारले. ५ ऑक्टोबरला जागतिक शिक्षक दिन पाळतात तो त्याच दिवसाच्या स्मरणार्थ. त्यात शिक्षकाच्या मानाबरोबर त्याचा पगार, दुखणे, बाळंतपण आणि म्हातारपण यांचाही विचार केलेला आहे. आपण त्यातला गुलाबाच्या फुलांचा भाग तेवढा उचलला.

कायद्याची आजची स्थिती सांगून टाकतो. १९४८ च्या विमा कायद्यात कारखाने मुख्य होते. इतर आस्थापनांना तो लावावयाचा तर सरकारला वेगळी अधिसूचना काढावी लागे, आणि त्या वाटेने काही राज्यांत खाजगी शाळाही आत आल्या. आता २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे, आणि दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना विमा लागू करण्याचा नियम तीत आहे. या संहितांवर आम्हां कामगार संघटनांचे पुष्कळ आक्षेप आहेत. त्यांचे व्याख्यान वेगळे करावे लागेल. पण शत्रूच्या शेतातले पीकही आपल्या कामाचे असेल तर कापून आणावे. दार किलकिले झाले आहे. आता कोणी ढकलले नाही तर ते पुन्हा लागेल. शाळा म्हणेल, आम्ही यात येत नाही. संस्था म्हणेल, आमचे नऊच शिक्षक, बाकीचे मानद. अशा वेळी उत्तर लेखी मागावे. तोंडी नकार देणाराची लेखणी पुष्कळदा अडखळते, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात. ज्यांची मुले शिकवावयास परदेशी निघाली आहेत त्यांनी दलाल नोंदणीकृत आहे की नाही हे परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीत पाहावे. अशा दलालाला कर वगळता ३०,००० रुपयांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. निघण्याआधी करारपत्र हातात घ्यावे. त्यात पगाराचा आकडा, सुट्टीतला पगार, विम्यात काय येते आणि आजारपणाची रजा किती, या चार गोष्टी वाचाव्या. तेथे उतरल्यावर दुसरा कागद पुढे केला तर पहिल्याची प्रत आपल्याजवळ असावी.

मास्तरांना आमचे सांगणे असे की, आपण कामगार म्हणवून घ्यावयास लाजू नये. आमच्या ऑफिसात शाई आणि कागद भरपूर आहेत, अर्ज लिहावयास आपल्याइतके चांगले अक्षर आमच्यांत कोणाचे नाही. एकट्याने यावे, दहांनी यावे. या खेपेस आम्ही कोणाला परत पाठविणार नाही.

आणि आपण, जे येथे श्रोते म्हणून बसला आहात, आपल्याकडे एक लहानसे काम मागतो. जूनमध्ये शाळा उघडल्या की पालकसभा होईल. तेथे गणवेशाचे, गाडीच्या भाड्याचे बोलणे होईल. ते झाल्यावर एकाने उभे राहून एवढेच विचारावे: ‘‘आमच्या मुलांना जे शिकवितात त्यांच्या नावाचे विम्याचे कार्ड आहे काय? नसेल तर पंधरा रुपये आमच्याकडून घ्या आणि काढा.’’ पहिल्या सभेत हसतील. दुसऱ्या सभेत दुसऱ्याने विचारावे. कर्जतपासून खोपोलीपर्यंत प्रत्येक शाळेत हा प्रश्न तीनदा विचारला गेला, तर त्याचे उत्तर द्यावेच लागेल.

ती मुलगी अजून दुबईस आहे. गेल्या दिवाळीत आली होती. लग्नाचे चालले आहे, परत यावयाचे मनात आहे. म्हणाली, ‘‘काका, इकडं यायचं तर आहे, पण इथल्या शाळेत लागले की कार्ड जाईल ना?’’ आम्ही तिला अजून उत्तर दिलेले नाही. पुढच्या सुट्टीत ती यावयाच्या आत आपण सर्वांनी मिळून ते द्यावे, एवढ्यासाठी हे व्याख्यान.